ओरोमो आणि सर्बियन मराठीच्या मापाने कशा मोजाव्यात

ओरोमोत भाषेला ‘अफाऽन’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ तोंड. सर्बियनमध्ये भाषेला ‘येज़िक’, मूळ अर्थ जीभ. एकीला तोंड सापडलं, दुसरीला जीभ, पण एवढ्यावरून दोघींची सोयरीक जुळत नाही. ओरोमो आफ्रो-आशियाई कुळातली, कुशिटिक शाखेची. ती इथिओपिया आणि उत्तर केनियात बोलतात. सोमाली, अफार, सिदामा या तिच्या भावकीतल्या. सर्बियन इंडो-युरोपीय कुळातली, दक्षिण स्लाव्ह शाखेची. म्हणजे भावकी बघितली तर सर्बियन ही मराठीची लांबची चुलत बहीण आणि ओरोमो अगदीच परकी. वाक्य कसं रचलंय ते बघितलं तर मात्र पारडं बऱ्याचदा ओरोमोकडे झुकतं. या दोन भाषांची तुलना करायची तर याच विसंगतीवर नजर ठेवावी. त्यासाठी मराठी, आणि जमलं तर कोल्हापुरी मराठी, तिसऱ्या रकान्यात कायम ठेवावी. नुसत्या दोन परक्या भाषा समोरासमोर ठेवल्या की डोक्यात इंग्रजीचं व्याकरण मधे येऊन बसतं आणि नको तिथे नवल वाटायला लागतं.

आधी काय जमवायचं

एक आडवी वही किंवा संगणकावरचा तक्ता पुरे. रकाने पाच: अर्थ, मराठी, ओरोमो, सर्बियन आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा, खरं काम तिथेच होतं. शंभर शब्दांची एक यादी घ्या. मॉरिस स्वदेश या भाषाशास्त्रज्ञाच्या नावाने ‘स्वदेश यादी’ म्हणून जी प्रसिद्ध आहे (शरीराचे अवयव, पाणी, अग्नी, खाणे, पिणे, एक, दोन असले मूळ शब्द) ती चालेल. जोडीला वीस-पंचवीस छोटी वाक्यं आणि दोन्ही भाषांत भाषांतर झालेला एक सलग मजकूर. यापेक्षा जास्त सामान सुरुवातीला जमवू नका. पाचशे शब्द गोळा करून एकही वाक्य न तपासलेल्या वह्या निरुपयोगी असतात.

बोली आधीच ठरवून टाका. सर्बियनमध्ये बेलग्रेडकडची एकावी बोली घ्यावी, जिथे दुधाला ‘म्लेको’ म्हणतात. पश्चिमेकडच्या बोलीत तेच ‘म्लियेको’ होतं. ओरोमोत पश्चिमेची वल्लेगा, पूर्वेची हरार आणि दक्षिणेची बोराना-अर्सी-गुजी असे ढोबळ पट्टे आहेत. एक शब्द एका पट्ट्यातला आणि दुसरा दुसऱ्यातला, असं झालं की बोलीतला फरक भाषेतला फरक म्हणून वहीत घुसतो. गडहिंग्लजचा एक शब्द आणि नागपूरचा एक शब्द घेऊन ‘मराठीत असं म्हणतात’ असं लिहिण्यासारखंच ते.

लिपीचे सापळे

ओरोमो आज रोमन लिपीत लिहितात. या लेखनपद्धतीला ‘कुबेऽ’ म्हणतात आणि ती १९९१ साली अधिकृतपणे स्वीकारली गेली. त्याआधीचं छापील साहित्य, उदाहरणार्थ १८९९ चं ओरोमो बायबल, इथिओपियाच्या गीझ लिपीत आहे. १९९१ पूर्वीच्या कोशांतलं स्पेलिंगही आजच्याशी जुळत नाही, त्यामुळे जुना कोश आणि नवा कोश एकाच यादीत मिसळू नका. इथिओपियात छापलेल्या पुस्तकावरचं सालही तपासा. तिथली दिनदर्शिका आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालते, म्हणून १९८४ छापलेलं असलं तर ते १९९१-९२ असू शकतं.

सर्बियनला दोन लिप्या आहेत, सिरिलिक (रशियनसारखी) आणि रोमन, आणि रस्त्यावर दोन्ही दिसतात. वूक काराजिच या सर्बियन भाषासुधारकाने एकोणिसाव्या शतकात ‘बोलता तसं लिहा’ या तत्त्वावर तीस अक्षरांची सिरिलिक बसवली. त्याचा कोश १८१८ चा. सर्बियात ही पद्धत १८६८ मध्ये अधिकृत झाली. एक ध्वनी, एक अक्षर. रोमनमध्ये मात्र तीन ध्वनींसाठी जोडअक्षरं वापरावी लागतात आणि घोळ तिथेच होतो. ‘एन’ आणि ‘जे’ शेजारी आले की बहुधा ‘ञ’ वाचायचा, पण ‘इन्-येक्त्सिया’ (इंजेक्शन) या शब्दात न आणि य वेगळे आहेत. रोमनवरून ते कळत नाही, सिरिलिकवरून लगेच कळतं. म्हणून मूळ प्रत सिरिलिकच घ्या, हवी तर नंतर रोमन करा. उलट दिशेने जाऊ नका.

एकच रोमन अक्षर दोन्हीकडे वेगळं वाजतं, हे पाठच करावं लागतं. ‘जे’ सर्बियनमध्ये य असतो, ओरोमोत ज. ‘या’ म्हणजे सर्बियन ‘मी’; त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारा ओरोमो ‘ज-आ’ म्हणजे सहा. ‘सी’ सर्बियनमध्ये त्स असतो, म्हणजे आपल्या ‘चमचा’मधला च. ओरोमोत तोच ‘सी’ हा घसा आवळून झटक्याने सोडलेला च आहे, आणि साधा च लिहायला ‘सी-एच’. ओरोमोतला ‘एक्स’ म्हणजे क्स नव्हे, तो झटक्याचा त; ‘क्यू’ हा झटक्याचा क. मराठी वाचक हमखास फसतो तो ‘डी-एच’वर. सवयीने तो ध वाचतो. तो ध नाही. ड म्हणताना श्वास बाहेर सोडण्याऐवजी आत ओढल्यासारखा करायचा, त्याच्या जवळ जाणारा तो आवाज आहे.

वहीसाठी देवनागरीचे नियम आधीच ठरवा. इथे पाळलेले नियम असे: ओरोमोचा दीर्घ स्वर अवग्रहाने (ऽ), आत ओढलेला ड साध्या ड ने आणि सपाट द हा द ने. ओरोमोत ‘हुडाऽ’ नावाचं एक चिन्ह आहे, दोन स्वरांमधला घशातला अटकाव दाखवणारं. तो इथे आडव्या रेघेने दाखवला आहे. ‘ज-आ’मधली रेघ तीच. संगणकावर हुडाऽ सरळ अपॉस्ट्रॉफीने लिहितात तसं वळणदारनेही लिहितात, आणि शोधताना यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. यादी करण्याआधी सगळी चिन्हं एकसारखी करून घ्या.

कानाचं काम

ओरोमोत स्वराची लांबी आणि व्यंजनाचं द्वित्व या दोन्हींनी अर्थ बदलतो. ‘हरा’ म्हणजे तलाव, ‘हाऽराऽ’ म्हणजे नवा. ‘बदाऽ’ म्हणजे वाईट, ‘बद्दाऽ’ म्हणजे उंच डोंगराळ मुलूख. द्वित्व आपल्याला ऐकू येतं (पता आणि पत्ता). आपली अडचण ए आणि ओ यांच्या ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत तो भेदच नाही. कागल-निपाणीच्या पट्ट्यातल्या, कन्नड कानावर पडलेल्या माणसाला मात्र तो सहज कळतो, कारण कन्नडला ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत. गटात असं कुणी असेल तर ओरोमो ऐकून उतरवायचं काम त्यालाच द्या.

सर्बियनमध्येही लांबी आहे, पण ती रोजच्या लेखनात दाखवत नाहीत. ‘ग्राद’ लांब म्हटलं तर शहर, आखूड म्हटलं तर गारा. ‘लुक’ लांब म्हणजे कमान, आखूड म्हणजे कांदा. शिवाय आघाताला चढ-उतार असतो: आखूड चढता, आखूड उतरता, लांब चढता, लांब उतरता, असे चार. छापील मजकुरावरून तुलना करणाऱ्याला ओरोमोत लांबी ‘आहे’ आणि सर्बियनमध्ये ‘नाही’ असं वाटतं, ते केवळ लेखनामुळे. आघातचिन्हं दिलेला कोश बघितल्याशिवाय या मुद्द्यावर काही लिहू नये.

र चं प्रकरण जरा चवीने घेण्यासारखं आहे. सर्बियनमध्ये र एकटा अक्षर चालवतो, सोबत स्वर लागत नाही: ‘पृस्त’ (बोट), ‘कृव’ (रक्त), ‘तृग’ (चौक), ‘सृबिया’. संस्कृतातला मूळ ऋ असाच होता. आपण त्याचा ‘रु’ करून टाकला आहे, म्हणून कृष्ण आपल्या तोंडात ‘क्रुष्ण’ होतो. सर्बियन माणसाचा ‘कृव’ दहा वेळा ऐका आणि मग वर्णमालेतला ऋ म्हणून बघा. ओरोमोत असा र नाही.

आवाज नोंदवताना मोबाईल तोंडापासून वीतभर लांब ठेवा आणि प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या: दोनदा सुटा, एकदा वाक्याच्या मध्यात. वाक्याचा मध्य ओरोमोसाठी फार महत्त्वाचा, कारण बोलण्याच्या शेवटी येणारा ऱ्हस्व स्वर तिथे नुसता कुजबुजल्यासारखा होतो. सुटा शब्द ऐकून ‘फर्दा’ (घोडा) वहीत ‘फर्द’ असा उतरतो आणि पुढे विभक्तीचा सगळा हिशेब चुकतो, कारण ती विभक्ती त्या शेवटच्या स्वरातच असते.

माणसांना विचारताना

यंत्राचं भाषांतर पहिल्या मसुद्यापुरतं घ्या. ते बहुधा इंग्रजीवरून फिरून येतं, म्हणून दीर-मेहुणा, काका-मामा हे भेद वाटेत गळतात आणि सर्बियन भूतकाळ न विचारता पुल्लिंगी होऊन येतो. शेवटचा शब्द बोलणाऱ्या माणसाचा.

कोल्हापुरातून फोन लावायचा तर वेळेचं गणित असं: अदिस अबाबा (ओरोमोत ‘फिन्फिन्नेऽ’) वर्षभर आपल्यापेक्षा अडीच तास मागे, बेलग्रेड हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा, आणि बेलग्रेडला चार किंवा पाच. इथिओपियात मात्र घड्याळ सूर्याबरोबर मोजायची पद्धत आहे: सकाळचे सात म्हणजे ‘एक’, संध्याकाळचे सात म्हणजे पुन्हा ‘एक’. कुणी ‘एक वाजता’ म्हटलं तर कुठल्या घड्याळाचे, हे विचारून घ्या. नाहीतर समोरचा वाट बघून फोन ठेवून देईल.

‘तुमच्या भाषेत कर्माची विभक्ती कशी होते?’ असं विचारू नका. ‘घोडा गवत खातो, हे कसं म्हणाल?’ असं विचारा. वाक्यं ‘काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून मागा. सर्बियनमध्ये विभक्तीच्या जोरावर शब्द इकडेतिकडे हलतात, आणि ज्या शब्दावर भर असेल तो जागा बदलतो. साधा क्रम हवा असेल तर प्रश्नही साधाच हवा.

शब्दांची यादी: दिसणं, उसनवारी, नातं

यादी भरून झाली की सारखे दिसणारे शब्द तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग योगायोगाचा. ओरोमो आणि सर्बियन शब्द रोमनमध्ये अक्षर न् अक्षर तेच, अर्थ मात्र कुठल्या कुठे. ‘बुना’ ओरोमोत कॉफी, सर्बियनमध्ये बंड. ‘तोर्बा’ ओरोमोत सात, सर्बियनमध्ये पिशवी. ‘कुमा’ ओरोमोत हजार. सर्बियनमध्ये लग्नातली साक्षीदार किंवा बाप्तिस्म्यातली धर्ममाता. ओरोमो ‘मना’ म्हणजे घर, सर्बियन ‘माना’ म्हणजे दोष, खोट. ओरोमो ‘बरा’ म्हणजे वर्ष, काळ. सर्बियन ‘बारा’ म्हणजे डबकं. यांची गंमत वाटते, पण शास्त्राच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य. अर्थही जुळणारा एखादा शब्द भेटला तरी एकट्या शब्दावर कुळ ठरत नाही.

दुसरा ढीग व्यापाराबरोबर फिरलेल्या शब्दांचा. साखर घ्या. आपली ‘साखर’, सर्बियन ‘शेच्येर’ (तुर्कीतून आलेला), ओरोमो ‘सुक्काऽरा’. तिन्ही शेवटी संस्कृत ‘शर्करा’कडे जातात, आपला प्राकृतातून आणि बाकीचे दोन फारसी-अरबी वाटांनी. म्हणजे ज्या जिल्ह्यात उसाचा हंगाम चालतो तिथल्या माणसाला हा शब्द दोन्हीकडे ओळखीचा वाटणारच. चहाचंही तेच: ‘चाय’ सर्बियनमध्ये, ‘शाऽयिऽ’ ओरोमोत. असे शब्द यादीतून वजा करा आणि वेगळ्या पानावर ठेवा. भाषेचा इतिहास त्यातून कळत नाही, बाजाराचा कळतो.

तिसरा ढीग खऱ्या नात्याचा. यात फक्त मराठी आणि सर्बियन भेटतील, ओरोमो बाजूला उभी राहील. नात्यागोत्याचे शब्द उघडा: सर्बियन ‘देवेर’ म्हणजे दीर. ‘येतृवा’ म्हणजे जाऊ (संस्कृत यातृ). ‘स्वेकार’ सासरा, ‘स्वेकृवा’ सासू, आणि दोन्ही नवऱ्याकडचेच. हजारो मैलांवर बसून नवऱ्याच्या घरची माणसं आपल्यासारखीच मोजलेली. पण हेही दिसण्यावर सोडून चालत नाही. नाद नियमाने जुळावे लागतात. संस्कृत श ला सर्बियन स: दश–देसेत, शत–स्तो, श्वेत–स्वेत्लो (प्रकाश). संस्कृत ह ला सर्बियन ज़: हिम–ज़िमा (हिवाळा), हिरण्य–ज़्लातो (सोनं), वहन–वोज़िति (गाडीने नेणे). तीन-चार शब्दांत तोच नियम चालला तरच शेऱ्यात ‘नातं’ लिहायचं. ‘स्वेकार’मधला क या नियमात बसत नाही (श्वशुर पाहता तिथे स हवा होता), तो अपवाद म्हणून वेगळा नोंदवा. लपवू नका.

ओरोमोचं नातं बघायचं असेल तर तिच्या रकान्याशेजारी सोमाली मांडा: शन–शन (पाच), सगल–सगाऽल (नऊ), अफुर–अफर (चार), लमा–लबा (दोन). मग कळतं की भावकी म्हटल्यावर काय दिसायला हवं.

एक वेगळी नोंद इथेच करा. काका आणि मामा हे भेद दोन्ही भाषांत आहेत: ओरोमोत मामा ‘एऽस्सुमा’, काका ‘वसिऽला’, सर्बियनमध्ये मामा ‘उयाक’, काका ‘स्त्रित्स’. आत्या ओरोमोत ‘अदाऽदाऽ’. सर्बियनमध्ये आत्या आणि मावशी दोघींना ‘तेत्का’. शब्दांचं नातं काहीच नाही, पण नाती मोजायची रीत जवळची. शब्दाचं रूप आणि अर्थाची विभागणी या दोन गोष्टी शेऱ्यात वेगळ्या लिहाव्यात.

घोडा, गवत आणि ‘मी आलो’

आता वाक्यं. ‘घोडा पाणी पितो’ हे एक वाक्य नीट उलगडलं तर अर्धं व्याकरण हाती लागतं.

ओरोमो: फर्दि बिशाऽन डुगा.
सर्बियन: कोञ पिये वोदु.

ओरोमोत क्रम आपलाच: कर्ता, कर्म, क्रियापद. सर्बियनमध्ये साधारणपणे क्रियापद मधे. घोडा म्हणजे ‘फर्दा’, पण कर्ता झाला की ‘फर्दि’. पाणी आहे तसंच. सर्बियनमध्ये घोडा आहे तसा, पाणी मात्र ‘वोदा’चं ‘वोदु’ झालं. म्हणजे ओरोमोने कर्त्यावर खूण केली, सर्बियनने कर्मावर, आणि मराठीने कुणावरच नाही. कोशात ओरोमो नाम ज्या रूपात सापडतं ते कर्त्याचं नसतं, कर्माचं असतं. संस्कृत-लॅटिनच्या सवयीने कोशातलं रूप थेट कर्ता म्हणून वाक्यात ठेवणं ही ओरोमो शिकणाऱ्याची पहिली चूक.

हेच भूतकाळात न्या. ‘घोड्याने गवत खाल्लं.’

ओरोमो: फर्दि मर्गा ञाऽते.
सर्बियन: कोञ ये पोयेओ त्रावु.

ओरोमोत काहीच हललं नाही, फक्त क्रियापदाचा शेवट बदलला. सर्बियनमध्ये कर्मावरची खूण कायम. मराठीने मात्र पलटी मारली: घोड्याला ‘ने’ लागला आणि क्रियापद गवताचं लिंग घेऊन ‘खाल्लं’ झालं. ही पलटी दोघींकडेही नाही. म्हणून वर्तमानकाळातली तुलना भूतकाळाला लावू नका; प्रत्येक वाक्य दोन्ही काळांत विचारा.

लिंगाचा मुद्दा कोल्हापुरात बसून समजून घेण्यासारखा आहे, पुण्यात तो इतका सोपा नाही. मुलगी पाणी पिते: ओरोमो ‘इन्तल्लि बिशाऽन डुग्दि’, आणि मुलगा असेल तर ‘गुर्बाऽन बिशाऽन डुगा’. तृतीय पुरुषात ओरोमो क्रियापद लिंग दाखवतं, वर्तमानातही आणि भूतकाळातही (डुगे, डुग्दे). सर्बियन वर्तमानात ‘पिये’ दोघांनाही तेच. भूतकाळात मात्र मुलगा ‘पिओ’, मुलगी ‘पिला’.

आता प्रथम पुरुष. ‘मी काल आलो’ सर्बियन पुरुष म्हणतो ‘युचे सम दोशाओ’, बाई म्हणते ‘युचे सम दोश्ला’. ओरोमोत बाई असो की पुरुष, ‘अनि कलेऽस्सन डुफे’. प्रमाण मराठी इथे सर्बियनच्या बाजूला: आलो, आले. आणि कोल्हापुरी? इथल्या कितीतरी बायका सरळ ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्या क्षणी कोल्हापुरी ओरोमोच्या रांगेत जाऊन उभी राहते: ‘तो आला, ती आली’ हा भेद आहे, ‘मी’ला मात्र लिंग नाही. तिसऱ्या रकान्यात बोलीही लिहा म्हटलं ते याचसाठी.

त्याच वाक्यातली आणखी एक गोष्ट भिंगाखाली धरा. ओरोमो ‘डुफे’ म्हणजे ‘मी आलो’ही आणि ‘तो आला’ही. ‘मी’ची खूण आहे ती ‘काल’वर: ‘कलेऽस्सा’ला न लागून ‘कलेऽस्सन’. सर्बियनमध्येही ‘मी’ची खूण ‘सम’ क्रियापदाला चिकटत नाही, वाक्यातल्या दुसऱ्या जागेवर जाऊन बसते: ‘युचे सम’, नाहीतर ‘दोशाओ सम’. ‘सम’ने वाक्य सुरू केलं की ते चुकलंच. दोन परक्या भाषा, दोन वेगळी कारणं, पण दोघींनीही ‘मी’ला क्रियापदापासून सोडवून दुसऱ्या शब्दाच्या खांद्यावर टाकलं आहे. शब्दकोशावरून तुलना करणाऱ्याला हे कधीच सापडत नाही.

आदरार्थी बोलताना लिंग सगळीकडेच गळतं. ‘कधी आलासा?’ यात बाई की पुरुष ते कळत नाही. ओरोमो ‘इसिन योऽम डुफ्तन?’ आणि सर्बियन ‘काद स्ते दोश्लि?’ यांतही नाही, आणि तिन्ही ठिकाणी युक्ती एकच, अनेकवचन.

तांबडा-पांढरा, आणि मोजणी

विशेषणांच्या तपासणीला दुसरी जोडी शोधायचं कारण नाही, तांबडा आणि पांढरा घ्या. ओरोमोत तांबडा ‘दिऽमाऽ’, तांबडी ‘दिऽम्तुऽ’. पांढरा मात्र दोघांना ‘अदिऽ’. म्हणजे काही विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात, काही नाहीत. आपल्याकडे तांबडा-तांबडी बदलतं आणि लाल बदलत नाही, तसंच. सर्बियनमध्ये जवळजवळ सगळीच बदलतात: ‘त्सृवेन, त्सृवेना, त्सृवेनो’ आणि ‘बेओ, बेला, बेलो’. ‘बेओ’त ल कुठे गेला असं वाटेल, शब्दाच्या शेवटी आलेल्या ल चा ओ झाला. ‘पिओ, पिला’मध्येही तेच घडलंय. जागा मात्र उलटी: ओरोमोत विशेषण नामाच्या नंतर येतं, ‘मना गुद्दाऽ’ म्हणजे घर मोठं, सर्बियन आपल्यासारखी, ‘वेलिका कुच्या’.

संख्या लावून बघा. ओरोमोत ‘मना तोक्को, मना लमा, मना शन’: एक, दोन, पाच, घर आहे तसंच. आपण पाच किलो म्हणताना किलोला अनेकवचन करत नाही, ती मोकळीक इथे सगळ्या नामांना. सर्बियनमध्ये ‘येदान ग्राद, द्वा ग्रादा, पेत ग्रादोवा’: एकाला एक रूप, दोन-तीन-चारला दुसरं, पाचपासून तिसरं. एकवीस झाले की पुन्हा एकवचन, ‘द्वादेसेत येदान ग्राद’. तपासायला ‘कोञ’ (घोडा) घेऊ नका. त्याची दोनची आणि पाचची रूपं लिहिताना सारखीच दिसतात, फरक फक्त उच्चाराच्या लांबीत, आणि तुम्ही ‘फरक नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. नमुन्याचा शब्द निवडताना ही खबरदारी सगळीकडे घ्यावी लागते.

‘घरात’ हेही विचारा. सर्बियनमध्ये घरात आहे म्हणजे ‘उ कुच्यि’, घरात गेला म्हणजे ‘उ कुच्यु’. विभक्ती बदलून राहणं आणि जाणं वेगळं केलं. मराठी ‘घरात’ आणि ओरोमो ‘मनत्ति’ दोन्हीला चालतात. प्रत्यय मागे जोडायची ओरोमोची ही रीत आपल्याला पटकन अंगवळणी पडते.

क्रियापद: पूर्ण-अपूर्ण आणि स्वतःसाठी

सर्बियन क्रियापदं जोडीने पाठ करावी लागतात. ‘पिसाओ सम पिस्मो’ म्हणजे पत्र लिहीत होतो, लिहायला बसलो होतो. ‘नापिसाओ सम पिस्मो’ म्हणजे लिहून काढलं, हातावेगळं केलं. आपला ‘लिहून काढणं’ हा जोड त्याच्या जवळ जातो, पण आपण तो हवा तेव्हा वापरतो. सर्बियन माणसाला प्रत्येक वेळी दोहोंतलं एक निवडावंच लागतं. ओरोमोत अशी जोडी नाही. ‘बर्रेऽस्से’ म्हणजे लिहिलं, आणि चालू असलेलं सांगायला ‘बर्रेऽस्साऽन तुरे’, शब्दशः ‘लिहीत होतो’. इतकं शब्दशः की भाषांतर करावंसंच वाटत नाही.

ओरोमोची खरी श्रीमंती धातूला लागणाऱ्या प्रत्ययांत आहे. ‘बेऽकुऽ’ जाणणे, ‘बेऽकमुऽ’ जाणलं जाणे, ‘बेऽक्सिसुऽ’ कळवणे. आपल्या करणे–करवणेसारखी साखळी. सर्बियनला अशा ठिकाणी बहुधा वेगळाच धातू लागतो. आणि ‘बिते’ म्हणजे विकत घेतलं, तर ‘बितते’ म्हणजे स्वतःसाठी विकत घेतलं. मराठीत ‘करून घेतलं’ आणि ‘करून दिलं’ यांत जो भेद आहे, तो इथे एका प्रत्ययात बसतो.

नकार घ्यायला विसरू नका. ओरोमो भूतकाळात ‘हिन डुफ्ने’ हे एकच रूप सगळ्या पुरुषांना, वचनांना आणि लिंगांना चालतं: आलो नाही, आली नाही, आले नाहीत. होकारात जपलेले सगळे भेद नकारात पुसले जातात. सर्बियनमध्ये ते पुसले जात नाहीत.

शेवटी सलग मजकूर

१० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा दोन्ही भाषांत आहे आणि मराठीतही आहे. त्यातलं कलम एक घ्या, तिन्ही प्रती ओळीखाली ओळ लिहा आणि प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ व रूप मांडा. बायबलही मिळतं, पण सर्बियनमधला वूकचा नवा करार १८४७ चा आणि ओरोमो बायबल १८९९ चं. जुन्या भाषेची आजच्या भाषेशी गाठ पडते. ‘सर्व माणसं जन्मतात’ या ठिकाणी सर्बियन प्रतीत ‘राज्यायु से’ आहे, वर्तमानकाळ, वाक्याच्या मधोमध. ओरोमो प्रतीत ‘डलतन’, भूतकाळी रूप, वाक्याच्या अगदी शेवटी. क्रमातला फरक भाषेचा आहे. काळातला फरक अनुवादकाने निवडलेला असू शकतो, म्हणून तो व्याकरणाच्या रकान्यात टाकण्याआधी तेच वाक्य बोलणाऱ्या दोघातिघांना विचारून बघा, आणि शेऱ्यात कुणी काय म्हटलं ते त्याच्या बोलीच्या पट्ट्यासकट लिहा.